अथेन्समध्ये पायऱ्या किती

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेही गेलेलो नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि हे वनरक्षक. ह्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, तेव्हा इथे सगळीकडे ‘हे’च येणार. माझ्या शाळेला सुट्टी लागायची त्याच सुमारास ह्यांच्या जंगलाला आग लागायची. फेब्रुवारीपासून आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, मग मोहाची फुलं, मग तेंदूपत्ता, आणि पाऊस पडेपर्यंत वणवे विझवत फिरायचं. पाऊस पडला की हे मोकळे, आणि माझ्या शाळेची घंटा वाजलेली. मुलगी लहान असताना मी एकटीच तिला घेऊन जायची. नागपूरला बहिणीकडे, एकदा पचमढीला, एकदा हैदराबादला. आमच्या अल्बममधल्या एकाही सहलीत हे नाहीत. एका वर्षी ह्यांची बदली एटापल्लीकडे होती, तेव्हा मी सामान बांधून तिथेच जाऊन बसले. म्हटलं, सुट्टी तिथेच घालवू. आठ दिवसांत आमची गाठ दोनदा पडली. दोन्ही वेळा ह्यांच्या अंगाला धुराचा वास होता आणि जेवता जेवता डोळे मिटत होते.

यातलं मी काहीही विसरलेली नाही. मी विसरणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, मी गेल्या वर्षी. सिंदेवाहीला आमचं घर आहे, भात संशोधन केंद्राच्या थोडं पुढे. सगळे म्हणाले, बाई, आता आराम करा. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे तीन वेळा नव्याने लावले. सकाळी साडेनऊला अजूनही माझे पाय चप्पल शोधायचे. आणि हे मात्र निवृत्त होऊनही रोज जंगलात. पगार बंद झाला, गणवेश कपाटात गेला, पण माणूस काही घरी आला नाही.

डिसेंबरात मी डोळे तपासायला नागपूरला गेले. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी समजूत होती. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात तोंड घालून बसायला लावलं आणि दिवा चमकला की बटण दाबा म्हणाल्या. मी मन लावून दाबत होते. मला वाटलं, एकही दिवा सुटला नाही. कागद निघाला तेव्हा त्यावर उजव्या डोळ्याच्या कडेला काळा पट्टा होता. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून टिकवायचं, आणि किती वर्षं टिकेल ते आज सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी बाहेर आले आणि उगीचच दोन किलो संत्री घेतली.

घरी सांगितलं ते एवढंच की डोळ्यांचं प्रेशर थोडं वाढलंय, थेंब दिलेत. उजवीकडचं दिसत नाही हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पेशंट झाले असते, आणि पेशंट होऊन बसणं माझ्याच्याने होत नाही. गुडघ्याचं निमित्त करून मी स्कूटी चालवणं सोडलं. हे काही बोलले नाहीत. ह्यांना माझ्याकडे बघायला वेळ कुठे आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि तेवढ्यावर राग धरून बसले.

त्यानंतर माझ्या पायाला भिंगरीच लागली. काय काय बघायचं राहिलंय याची मनात यादी सुरू झाली आणि सगळ्यात वर एकच नाव येऊन बसलं. ग्रीस.

लोक विचारतात, ग्रीसच का? तर आमच्या माहेरच्या गावी विहारात बुद्धाची सिमेंटची मूर्ती होती. चंद्रपूरहून आलेल्या एका मिस्त्रीने ती तिथेच बसून घडवलेली. अंगावरच्या चीवराच्या चुण्या त्याने ओल्या सिमेंटमध्ये काट्या-चमच्यातल्या काट्याने ओढल्या होत्या, असं माझे वडील सांगायचे. वंदना चालू असताना मी मूर्तीच्या बाजूला बसायची आणि त्या चुण्यांवरून बोट फिरवायची. खांद्यापासून खाली, गुडघ्यापर्यंत. पुढे शिक्षिका झाले, इतिहास शिकवायला लागले, आणि पाठ्यपुस्तकात गांधार शैलीच्या बुद्धाचं काडेपेटीएवढं चित्र आलं. त्याच चुण्या! मुलांना मी सांगायची, हे कसब ग्रीक कारागिरांकडून आपल्याकडे आलं. दगडाला कापडासारखं पाडायचं त्यांना येत होतं. वर्षानुवर्षं सांगितलं. स्वतः पाहिलेलं काहीच नव्हतं. आमच्या गावच्या मिस्त्रीच्या हाताला जे माहीत होतं ते निघालं कुठून, ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. अथेन्सला टेकडीवर एक देऊळ आहे, त्याच्या एका ओसरीचं छत सहा दगडी बाया डोक्यावर घेऊन उभ्या आहेत. त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या अशा पडल्यात की वारा आला तर हलतील. त्या बायांचा फोटो मी मोबाईलवर बोटांनी मोठा करकरून पाहायची.

जानेवारीतल्या एका सकाळी हे ओसरीवर बूट पुसत बसले होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, “आपण ग्रीसले जाऊ.”

“कुठी?”

“ग्रीस. युरोपात. अथेन्स आहे ना तिथं.”

“जाऊ ना,” हे म्हणाले आणि दुसरा बूट घेतला.

ह्यांचं ‘जाऊ ना’ मला चांगलं ठाऊक आहे. पचमढीलाही ‘जाऊ ना’च होतं. मी म्हटलं, “या एप्रिलात. पुढच्या वर्षी नाई, पावसाळा झाल्यावर नाई. या एप्रिलात.” ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “काऊन एवढी घाई करून राह्यली?” मी म्हटलं, “चौतीस वर्षं झाली, याले घाई म्हणतात का?” आणि आत निघून गेले.

दोन दिवसांनी भाजी निवडत असताना ह्यांनी विचारलं, “तिथी पायऱ्या किती हायेत?”

“कुठे?”

“त्या टेकडीवर. तुह्या त्या बाया हायेत तिथी.”

“मी काय मोजून आली का?”

“कठडा कोन्या बाजूनं आहे?”

मला हसावं की रडावं कळेना. जिथे माणसं अडीच हजार वर्षांचं काम बघायला जातात तिथे ह्यांना कठडा हवा होता. पुढे हे रोजचंच झालं. दगड गुळगुळीत आहे का. चढायला सुरुवात किती वाजता करायची. ऊन कोणत्या अंगाने येतं, दुपारी सावली कुठे पडते, प्यायचं पाणी कुठे मिळतं. मी म्हटलं, तुम्ही अथेन्सला चालला की पाणवठ्यावर मचाण बांधायला? हे म्हणाले, “माहीत असलं पाह्यजे ना.” पुण्याहून मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “आई, बाबांनी मला काल अथेन्सच्या संग्रहालयातल्या लिफ्टबद्दल विचारलं. नंतर विचारलं, तिथे जमीन काचेची आहे म्हणतात, तर खालचं दिसतं का. त्यांना नक्की यायचंय ना?” मी म्हटलं, मला तरी सबबी वाटतात. नाही म्हणायचं नसलं की माणूस प्रश्न विचारतो. वर्गात तीस वर्षं हेच बघितलंय.

शेवटी मी ह्यांना न विचारता तारीख ठरवली. इथे माझी चूक झाली. ती आमच्याकडच्याच माणसाची होऊ शकते, बाहेरच्या कुणाला तारीख चुकली म्हणजे काय ते कळायचंही नाही. चौदा एप्रिलची जयंती सोडून आम्ही कुठे जाणं शक्य नव्हतं. म्हणून सोळाला निघायचं. मोह मार्चमध्ये पडायला लागतो आणि जयंतीपर्यंत आटोपतो, हे मी लहानपणापासून बघत आले. तेंदूपत्ता मे उजाडल्यावर. म्हणजे मधले दोन आठवडे जंगल रिकामं, आणि हेही रिकामे. माझ्या हिशेबात खोट नव्हती. फक्त तो मी कॅलेंडर बघून केला, झाडं बघून केला नाही, आणि झाडं ज्यांना कळतात त्यांना विचारलं नाही. मुलीने तिकिटं काढली. तारीख बदलता येणार नाही अशी ती तिकिटं होती.

मोहाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. झाड जंगलातलं, पण त्याखाली पडलेलं फूल त्या घराचं. फुलं पहाटे पडतात आणि उन्हं वर यायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. बाया वाकून वेचतात, तासन् तास. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. गेल्या वर्षी जवळच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, एक बाई अशीच वेचता वेचता गेली. आमच्या घरापासून पाऊण तासाच्या वाटेवर. हे त्या सकाळी घरी होते, दाढी करत होते. बातमी आली तसा अर्धा साबण गालावर ठेवूनच निघाले.

यंदा मार्च लागला तसे हे रोज अंधार असतानाच टोलीवर जायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाचा आदेश नव्हता. बाया वेचायच्या आणि हे झाडाला पाठ लावून, गळ्यात शिटी आणि हातात काठी घेऊन उभे राहायचे. येताना बाया ओंजळभर फुलं ह्यांच्या पिशवीत घालायच्या. ती पिशवी आमच्या ओसरीवर लटकत राहायची आणि सगळ्या घराला तो गोड, आंबूस वास. मी बॅग भरत असले तरी तो वास, व्हिसाचे कागद लावत असले तरी तोच वास.

व्हिसासाठी एक पत्र लिहावं लागतं. तुम्ही परत का येणार, ते त्यांना पटवून द्यायचं असतं. मी माझं लिहिलं. पेन्शन, घर, मुलगी. ह्यांना म्हटलं, तुमचं मराठीत लिहा, मी इंग्रजी करते. ह्यांनी दोन ओळी लिहून दिल्या: “मे महिन्यात तेंदूपत्ता संकलन सुरू होते. तत्पूर्वी माझे परत येणे आवश्यक आहे.” मी तो कागद ह्यांच्यासमोर टेबलावर आपटला. म्हटलं, जायच्या आधीच परत यायची घाई! बायकोबरोबर दहा दिवस काढायचे तर त्यातही तेंदूपत्ता? हे शांतपणे म्हणाले, “त्यायनं काऊन येणार म्हणून विचारलं, मी खरं तेच लिवलं.” मी ते खोडून माझ्या मनाने लिहिलं.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. तिथल्या फुटपाथवर हे सारखे माझ्या उजव्या अंगाला चिकटून चालत होते. दोनदा माझा धक्का लागला. मी करवादले, “सरका ना जरा, सगळा रस्ता मोकळा आहे.” हे सरकले, आणि पुढच्या वळणावर पुन्हा उजवीकडे. परत येताना गाडीत मी खिडकीशी तोंड करून बसले. मला वाटत होतं की मी एका माणसाला ओढून नेतेय. आणि ज्याला ओढून न्यावं लागतं त्याच्याबरोबर काय बघायचं?

पासपोर्ट आले, त्यात व्हिसा चिकटवलेला. मी तो चष्मा काढून, चष्मा लावून, उन्हात धरून पाहिला. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर मी याद्या करत होते, कारण वहीच्या आखीव ओळींत माझं अक्षर मावेनासं झालं होतं. रोज सकाळी मोबाईलवर अथेन्सचं हवामान बघायचं आणि मग ओसरीवर येऊन ह्यांची पिशवी बघायची. पिशवी हलकी व्हायला हवी होती. ती दिवसेंदिवस जड होत चालली. यंदा फेब्रुवारीत गारा पडल्या, मार्चभर ढग राहिले, आणि मोहाचा भर तीन आठवडे मागे गेला. जयंती चार दिवसांवर आली तरी झाडं भरलेली. सोळा तारखेला मोह ऐन भरात असणार हे आता माझ्यासारखीलाही दिसत होतं.

हे त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. मीही काढत नव्हते. एकमेकांकडे न बघता जेवत होतो.

त्या दिवशी दुपारी टोलीवरची एक बाई आली. तिच्या तिन्ही मुलांना मी शिकवलंय, आणि गेल्या वर्षी गेलेली बाई तिची जाऊ. ती ओसरीच्या पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “बाई, भाऊले उद्याही पाठवजा जी. अजून लय राह्यलं.”

माझा तोल गेला. म्हटलं, “किती दिवस पुरणार आहेत भाऊ तुमाले? रिटायर झाले ते. त्यायले बी घर आहे, बायको आहे.”

ती खाली बघत म्हणाली, “तेच तं सांगून राह्यली, बाई. भाऊ किती दिवस पुरन?” आणि पाणी न पिताच गेली. मला लाज वाटली, पण राग लाजेहून मोठा होता. ज्या बाईच्या घरचं माणूस वाघाने नेलं तिच्यावर मी तोंड टाकलं होतं, आणि तेसुद्धा ग्रीसच्या सहलीसाठी.

हे आल्यावर मी सगळं बाहेर काढलं. म्हटलं, “यायचं नसन तं आताच सांगा. मी एकटी जाते. नाईतर ते कागद फाडून चुलीत घालते. पण हे असं मुक्यानं नका करू.” मला वाटलं हे चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. हे म्हणाले, “उद्या सकाळी चल माह्यासंगं.”

“कुठी?”

“मोहाले.”

चौतीस वर्षांत ह्यांनी मला कधीही कामावर नेलं नव्हतं. सकाळी गेले.

फटफटत होतं. टोलीवरच्या बारा-तेरा बाया टोपल्या घेऊन आधीच निघालेल्या, त्यांच्या मागे आम्ही. वाट पाचोळ्याची. हे माझ्या उजवीकडून चालत होते आणि या वेळी मी सरका म्हटलं नाही, कारण त्या बाजूला जंगल होतं आणि मला ते अर्धंच दिसत होतं. मला भीती वाटत होती. एका मोठ्या झाडाखाली बाया थांबल्या. जमीन झाडून लख्ख केलेली आणि त्यावर पिवळसर फुलं. मी वाट बघत होते की हे पुढे होतील, झाडाला पाठ लावून उभे राहतील.

हे पुढे झालेच नाहीत. काल ओसरीवरून पाणी न पिता गेलेली ती बाई पुढे झाली. तिने टोपली खाली ठेवली, गळ्यातली शिटी पुढे घेतली, झाडाला पाठ टेकवली आणि ताठ उभी राहिली. बाकीच्या वाकून वेचायला लागल्या. ती वाकली नाही. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. थोड्या वेळाने तिने एकदा शिटी वाजवली, तशा सगळ्या बाया एकदम उठून उभ्या राहिल्या, पाठीला पाठ लावून गोल झाला, मग पुन्हा वाकल्या. सराव होता तो. नंतर तिच्या जागी दुसरी उभी राहिली. उभ्या राहणारीला वेचता येत नाही, म्हणून निघताना प्रत्येकीने आपल्या टोपलीतली ओंजळ तिच्या टोपलीत टाकायची, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. परवापरवापर्यंत जी ओंजळ ह्यांच्या पिशवीत पडायची तीच.

“कधीपासून शिकवून राह्यले?” मी विचारलं.

“मार्चपासून. रोज दोघी दोघी. एक-दोन घाबरट हायेत अजून, उद्या परवा होऊन जाईन.” मग म्हणाले, “तिकडं दहा दिवस जाणार, तं मांगं कोणीतरी पाह्यजे.”

“अन् आपण नसताना काही झालं तं?”

“मी इथीच होतो तवा नाई झालं का?” हे म्हणाले. ह्यांचा आवाज वेगळाच लागला. त्या अर्ध्या दाढीच्या सकाळीबद्दल हे माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

एवढ्यात माझ्या उजवीकडून काहीतरी धाडकन पुढे आलं. मी किंचाळले. वानर होतं. ते फूल उचलून निघूनही गेलं. बायांना ते कधीच दिसलेलं होतं, ह्यांना दिसलेलं होतं, सगळ्यांत शेवटी मला दिसलं. ह्यांनी माझा उजवा दंड धरला आणि मला एका दगडावर बसवलं. “इथी बस, मी आलो,” म्हणाले, खांद्यावरची पिशवी आणि त्यातली डायरी माझ्या मांडीवर ठेवली आणि शिटीवाल्या बाईला काहीतरी दाखवायला गेले.

ह्यांच्या डायऱ्या मी आयुष्यभर बघितल्यात. चार रकाने असतात. दिनांक, ठिकाण, गस्तीचा उद्देश, काय दिसले. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी ती उघडली. मला वाटलं पंजांच्या खुणा असतील, किती वाजता कोणत्या ओढ्यावर.

पहिल्या पानावर दिनांक जानेवारीतला होता, ओसरीवर मी ग्रीसचं नाव काढलं त्या दिवसाचा. ठिकाण: अथेन्स. उद्देश: “हिला दिसते आहे तोवर दाखवणे.”

मी ते तीनदा वाचलं. मला पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते. मी एवढी जपून लपवलेली गोष्ट, आणि ह्या माणसाने ती आपल्या सरकारी अक्षरात लिहून ठेवली होती. मग डोळे भरून आले आणि पुढचं दिसेना. पदराने पुसून पुसून मी पानं उलटत गेले. टेकडी: पायऱ्या अंदाजे इतक्या, कठडा डावीकडे, उजवीकडे मी. दगड गुळगुळीत, हात धरणे. सकाळी आठला चढणे, ऊन समोरून येणार नाही. संग्रहालय: काचेची जमीन, हिला आधी सांगणे, नाहीतर दचकेल. दुपारी दोन, थेंब टाकण्याची वेळ, बसायला बाक आहे. आणि एका पानावर नुसतं: बाया सहा, टेकडीवर नकला; खऱ्या पाच संग्रहालयात, एक दुसऱ्या देशात. घाई करायची नाही, ही म्हणेल तेव्हा निघायचे.

हे परत आले तेव्हा मी विचारलं, “कधी समजलं?”

“तू उजव्या हाताकडचा कप दोनदा पाडला. मंग स्कूटी सोडली. गुडघे दुखणारं माणूस दिवसातून दहादा गच्चीवर जात नाई.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“तू नाई बोलली,” हे म्हणाले. “तुले सांगायचं नव्हतं. मंग मी काऊन बोलू?”

मी आयुष्यभर माणसाला वाचायला शिकवलं आणि घरातलं एवढं मोठं अक्षर मला वाचता आलं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं की मला भीती वाटते. नुसतं एवढंच म्हटलं. हे माझ्या उजवीकडे दगडावर बसले. समोर बाया वेचत होत्या, एक उभी होती.

सूर्य वर आला तशा टोपल्या भरल्या. उभ्या राहणाऱ्या दोघींच्या टोपल्यांत सगळ्यांनी ओंजळी टाकल्या. कालच्या त्या बाईपाशी मी गेले आणि म्हटलं, काल चुकलं माझं. ती म्हणाली, “जाऊ द्या ना, बाई. भाऊले नीट सांभाळून आणजा.” मी हसले, कारण सांभाळून कोण कोणाला आणणार होतं ते आता उघड होतं.

निघायला आता तीन दिवस आहेत. बॅग मी काल पुन्हा उपसली. मन ठिकाणावर नाही. पहाटे हे टोलीवर जातात तेव्हा मी जागी असते, आणि शिटी ऐकू येते का म्हणून कान देते. एवढ्या लांबून ती ऐकू येत नाही हे माहीत असून. डायरी हातातल्या पिशवीत ठेवलीय. काल रात्री ती चाळताना माझ्या लक्षात आलं की सगळ्या पानांवर चौथा रकाना कोरा आहे. काय दिसले, तिथे काहीच नाही. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “ते मी कसं लिवू? ते तू लिवजो.” मी पान दिव्याजवळ धरलं. बाकीचे रकाने ह्यांच्या बारीक अक्षराएवढे अरुंद होते. चौथ्यात ह्यांनी पट्टी घेऊन रेघा आखल्या होत्या, दुप्पट रुंद, माझं आताचं अक्षर मावेल एवढ्या.